सूर्यपाटीची खोटी रीडिंगं

राजेहो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला चांगला माणूस समजायला नको. मी कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि खरेपणाबद्दल माझी दहशत होती. लंबकाच्या प्रयोगात कोणाचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं, की मी जर्नल उचलायचो आणि सरळ खिडकीबाहेर भिरकावायचो. खाली बाभळी होत्या. पोरं काट्यांतून जर्नलं काढून आणायची. "मनानं पकवलेलं रीडिंग माझ्यापुढे आणायचं नाही," असं मी वर्गात ओरडायचो. "जे दिसलं ते लिहा. नाही दिसलं तर 'नाही' असं लिहा. काटा खोटं बोलत नाही, खोटं तुम्ही बोलता." दरवर्षी हेच भाषण, त्याच आवाजात. मला स्वतःचा आवाज फार आवडायचा.

प्रयोगशाळेच्या दारापाशी स्टुलावर बसून हे भाषण दरवर्षी आणखी एक माणूस ऐकायचा. आमचे लॅब अटेंडंट. केनवडचे. सोमवारी सकाळच्या गाडीनं यायचे, आठवडाभर सामानाच्या खोलीतच राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी गावी जायचे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो. आज लिहिताना 'ते' लिहितोय. तेव्हा तोंडून निघालं नाही, हे खरं.

आणीबाणी उठून गेली होती तेव्हाची ही गोष्ट. वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यातच मोडायचो. कॉलेज गावाबाहेर मुरमाड माळावर. मुख्य इमारतीत वीज होती, म्हणजे असली तर होती. पण नाल्यापलीकडे मुलींच्या वसतिगृहाच्या दोन खोल्या होत्या, तिथवर खांबच गेले नव्हते. दरवर्षी अर्ज जायचा, दरवर्षी उत्तर यायचं की खांब शिल्लक नाहीत. अकरा मुली तिथे कंदिलावर अभ्यास करायच्या, आणि रेशनचं घासलेट महिन्याच्या वीस तारखेला संपायचं. पुढचे दहा दिवस जेवण उजेडातच उरकायचं आणि अंधार पडला की झोपायचं. त्या अकरा जणींत अटेंडंटची मुलगी होती. बी.एस्सी.ला. केनवडच्या त्यांच्या वस्तीतली कॉलेजात आलेली पहिली मुलगी.

अशात विद्यापीठाकडून एक लाकडी खोकं आलं. आत भुसा, भुशात काच, काचेखाली निळ्या-काळ्या चकत्या. उन्हावर वीज तयार करणारी पाटी. अख्ख्या कॉलेजनं ती येऊन पाहिली. प्राचार्यांनी हात लावून पाहिला आणि पटकन मागे घेतला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की विद्यापीठाच्या आवारांना आपापल्या छपरावरची वीज पुरवता येईल का हे पाहायचं आहे. एक वर्ष रोज दहा, बारा आणि तीन वाजता अमीटरचं रीडिंग घ्यावं. वर्षाअखेर विद्यापीठाचे प्राध्यापक येतील, नोंदी तपासतील आणि त्यावरून एका इमारतीला पुरतील इतक्या पाट्या देतील. इमारत कोणती, हे आम्हीच सुचवायचं होतं. प्राचार्यांनी मुलींचं वसतिगृह लिहून टाकलं. अटेंडंट तेव्हा टेबल पुसत होते, ते पुसतच राहिले, त्याच जागी.

"सर," दुपारी ते मला म्हणाले, "म्हंजे पोट्टीच्या खोलीत लाइट लागन?"

"रीडिंग नीट आली तर लागेल."

"मंग काय, तुमी हाये तर रीडिंग नीटच येतीन." त्यांचा माझ्यावर असा विश्वास होता. तो त्यांना मीच शिकवला होता, खिडकीतून जर्नलं फेकून फेकून.

पाटी गच्चीवर बसवली. वर जायला लोखंडी शिडी. पहिले पंधरा दिवस मी इमानेइतबारे तिन्ही वेळा चढलो. सोळाव्या दिवशी स्टाफरूममध्ये कॅरमचा डाव रंगात आला होता, बाराचं राहिलं. दहाचं आणि तीनचं पाहून मधलं मी लिहून टाकलं. एवढंच. आभाळ कोसळलं नाही. मग तीनचंही तसंच, मग दहाचंही. मार्चमध्ये शिडीच्या गजांना हात लावला तर भाजायचं. मी महिनाअखेरीला रजिस्टर घेऊन बसायचो आणि सगळा महिना एका बैठकीत पकवायचो. आणि काय सांगू, छान पकवायचो! आकडे कधी थोडे वर, कधी थोडे खाली, मध्येच एखादं ढगाळ. शाई दोन प्रकारची वापरायचो. इतकी वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडल्या होत्या, चोरी कशी पकडली जाते ते मला पाठ होतं. मनाची समजूतही तयार होती. ऊन तर पडतंच आहे की रोज! त्यात पाहायचं काय? आकडे थोडे चढेच धरायचो, म्हणजे विद्यापीठ खूश होईल आणि मुलींना उजेड मिळेल. बघा, चोरीलाही मी पुण्याची झालर लावली होती.

अटेंडंटला मी एकच काम दिलं होतं, पाटी पुसायचं. शेजारी कपाशीतली सरकी काढायचं जिन होतं, त्याची धूळ आणि बारीक कापूस सारा दिवस उडत यायचा. ते तिन्ही वेळा शिडी चढून ओल्या फडक्यानं पुसायचे. एकदा म्हणाले, "सर, पुसलं का काटा उलसाक वर सरकते, पाह्यलं का तुमी?" मी म्हणालो, "हो हो, पाहिलं." कॅरमच्या सोंगटीवरून नजर न काढता. वर चढल्यावर ते आणखी काय करत होते, ते मी कधी विचारलं नाही.

वर्ष भरलं आणि विद्यापीठाचे प्राध्यापक आले. वयस्क, शांत, धोतर-कोट, खिशात घडीची पट्टी. अडीचच्या सुमारास प्रयोगशाळेत माझ्या टेबलापाशी बसले. प्राचार्य बाजूला उभे. अटेंडंट पाण्याचा तांब्या घेऊन दारात. प्राध्यापकांनी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मी आलेख काढून ठेवला होता, हिवाळ्यात खाली, मग चढत चढत मे महिन्यात सगळ्यात वर. ते बराच वेळ त्या मे महिन्यावर बोट ठेवून बसले.

"मे मध्ये इतकी?" ते म्हणाले. "आमच्याकडे उलट येतं. पाटी तापली की वीज कमी होते. धुळीनंही होते."

 मी काही बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बराबर हाये सायेब. मे महिन्यात कमीच होती. माह्याजवळ लिवलेलं हाये."

अगदी आनंदानं बोलले हो ते! मला मदत करायला बोलले. त्यांना वाटलं, सरांच्या कागदात काही तरी चूक राहिली, आपल्याकडे दुसरी नोंद आहे, काम होऊन जाईल. तांब्या ठेवून धावत सामानाच्या खोलीत गेले आणि एक वही घेऊन आले. खाकी पुठ्ठ्याची, शंभरपानी. प्राध्यापकांपुढे दोन्ही हातांनी ठेवली.

मी पाहिलं. रोजची तारीख. दहा, बारा, तीन. गोल टपोऱ्या अक्षरात आकडे, बाजूला शेरा. 'धूळ.' 'पुसल्यावर.' 'ढग.' 'गारा आल्या, पाटी खाली उतरवली, रीडिंग नाही.' आणि दर रविवारी आडवी रेघ मारून 'सुटी, मी नाही'. माझ्या रजिस्टरात रविवारचाही सूर्य कामावर होता.

प्राध्यापकांनी दोन्ही उघडी ठेवली, शेजारी शेजारी. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "हे तर वेगळं आहे," ते म्हणाले. "तुमचे आकडे सगळीकडे जास्त आहेत. यातलं खरं कोणतं?"

तिथे मी एक शब्द बोलायचा होता. 'त्यांचं.' एवढाच. मला ठाऊक होतं की त्यांचं खरं आहे, कारण माझं खोटं आहे हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण प्राचार्य माझ्याकडे पाहत होते आणि मला माझ्या नावाची काळजी पडली होती. मी हसलो. होय, हसलो. म्हणालो, "सर, तो चौथी शिकलेला माणूस. हौसेनं लिहीत असेल. काटा बाजूनं पाहतो, त्याला काय मीटर वाचता येतो?"

चौथी शिकलेला म्हणताना माझ्या मनात इयत्ता नव्हती. तो कोणत्या वस्तीतला आणि माझ्याविरुद्ध बोलतो, हे होतं. ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. त्यांना तर कळलंच.

प्राध्यापक त्यांच्याकडे वळले. सभ्यपणे विचारलं, "तुम्हाला मीटर वाचता येतो ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. फळ्यावरचं अवघड गणित पाहावं तसं पाहिलं. मी टेबलावर पडलेल्या एका जुन्या अमीटरकडे बघू लागलो, जणू काही तिथे फार महत्त्वाचं चाललं होतं.

"नाई सायेब," ते म्हणाले. "मले वाचता येत नाई."

प्राध्यापकांनी रजिस्टरातली माझी सही पाहिली. मग मला म्हणाले, "सही तुमची आहे. मी तुमचेच आकडे धरतो." तिथेच बसून त्यांनी हिशेब केला. माझ्या आकड्यांप्रमाणे अकरा मुलींच्या दोन खोल्यांना चार पाट्या पुरत होत्या. चार मंजूर झाल्या. ती खाकी वही टेबलावरच राहिली होती, मी ती उचलून माझ्या कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. प्राध्यापक चहा पिऊन गेले. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली.

दिवाळीनंतर पाट्या लागल्या. वसतिगृहाच्या टिनांवर चार, खाली बॅटऱ्या, दोन्ही खोल्यांत छोटे दिवे. पहिल्या संध्याकाळी गावातून माणसं पाहायला आली. "माय वं, सूर्य घरात आणून ठेवला की!" एक बाई म्हणाली. मुलींनी त्या दिवशी उगाचच सगळी पुस्तकं काढून मांडली. अटेंडंट नाल्याच्या अलीकडे उभे राहून पाहत होते. मुलींच्या वसतिगृहात जायचं नाही म्हणून पलीकडे गेले नाहीत. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. ते थोडे सरकले, मला जागा द्यायला की काय, कोण जाणे.

महिनाभरातच उजेड आठ वाजता पिवळा पडू लागला. मग साडेसातला. बॅटरी रोज भरायची त्यापेक्षा जास्त रिकामी होत होती, साधी गोष्ट होती. होळीपर्यंत बॅटऱ्या मेल्या आणि मुली कंदिलावर परत आल्या. घासलेट वीस तारखेला संपायचं ते संपतच होतं. मी विद्यापीठाला कळवलं, दोन माणसं येऊन पाहून गेली, आणि महिन्यानं पत्र आलं.

ते पत्र कार्यालयातून अटेंडंटच घेऊन आले. पाकीट फोडलेलं होतं. माझ्या हातात दिलं आणि स्टुलावर न बसता समोर उभे राहिले.

"वाचून सांगा सर, काय लिवलं हाये?"

प्राध्यापक आले त्या दिवसापासून त्यांचं हे चालू होतं. बाटलीवरची चिठ्ठी असो, वेळापत्रक असो, मनिऑर्डरची पावती असो, माझ्यापुढे आणून ठेवायचे आणि म्हणायचे, वाचून सांगा सर. सुरुवातीला मला वाटलं, बिचारा मला सांभाळून घेतोय, खोटं उघडं पडू नये म्हणून. माझी अक्कल पाहा!

मी पत्र वाचलं. मराठीत टाइप केलेलं, स्वच्छ. 'देखभाल निरक्षर कर्मचाऱ्याकडे सोपविल्यामुळे योजना अपयशी ठरली. पाट्या परत पाठवाव्यात. अशा ठिकाणी पुन्हा प्रयोग करू नये.' मी पत्राची घडी घातली.

"पाट्या परत मागितल्या आहेत."

"बस? इतकंच?"

"इतकंच."

"कागद तर भरून हाये, सर," ते म्हणाले, आणि फडकं घेऊन बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी प्रॅक्टिकलला आली. बाकीच्या मुली निघून गेल्या तरी ती टेबलापाशी थांबली. बुटकी, बारीक, वर्गात कधी न बोलणारी पोर. तिनं जर्नल माझ्यापुढे उघडून ठेवलं. शेवटच्या पानावर तिनं हिशेब मांडला होता. आमच्या वसतिगृहाला किती पाट्या लागतील. उत्तराखाली दोन रेघा होत्या. सहा.

"बाबाच्या वहीवरून काढलं होतं, सर. मागच्या उन्हाळ्यात, सायेब यायच्या आधी. सहा लागत होत्या. तुमी चार आनल्या."

मी म्हणालो, "हे बघ, तुझ्या बाबांना मीटर..." आणि थांबलो. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता.

"सर, मले बाराखडी कोनं शिकवली सांगू? बाबानं. शाळेत टाकायच्या आधी, अंगनात, खडूनं. तुमच्या लॅबमधले खडूचे तुकडे आनत होते खिशात. दर रविवारी विहारात सगळ्या वस्तीले वाचून दाखवतेत. आन इथं तुमी त्याहिच्या तोंडून काय बोलवून घेतलं?" तिनं जर्नल माझ्याकडे सरकवलं. "यावर सही करा, नाईतर फेका खिडकीतून. आमाले सवय हाये काट्यातून काढाची."

मी सही केली. सही माझी वाटतच नव्हती. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि तिथेच, सव्वाचार वाजता, पोराटोरांच्या बाकावर बसून रडलो. पण रडण्यानं काय होतं? रडून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच नंतर जास्त लाज वाटली.

शनिवारी मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, कॅरमसकट. रविवारी सकाळी स्टँडवरच्या पेटीत टाकलं, कपाटातून खाकी वही काढली होती ती पिशवीत घातली आणि केनवडची गाडी धरली. मनात सगळा कार्यक्रम ठरला होता. मी माफी मागेन, वही परत देईन, ते म्हणतील जाऊ द्या सर, आणि मी हलका होऊन परत येईन.

विहार म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली, पुढे शेणानं सारवलेला ओटा. चाळीसेक माणसं आत-बाहेर बसलेली, बाया, म्हातारे, लेकरं. आत अटेंडंट मांडी घालून बसले होते, पांढरा सदरा, समोर जाड पुस्तक. वाचत होते. मी चपलांपाशी उभा राहिलो. किती सुंदर वाचत होते! अडखळणं नाही, घाई नाही. अवघड शब्द आला की थांबायचे, त्याचा अर्थ वऱ्हाडीत सांगायचे, मग पुढे. एका म्हातारीनं मध्येच शंका विचारली, तर दोन पानं मागे जाऊन तिला ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. दहा वर्षं हा माणूस माझ्या दारात स्टुलावर बसला होता आणि मी त्याला काच पुसायला लावत होतो.

वाचन संपलं. सगळ्यांनी तीनदा 'साधू' म्हटलं. त्यांनी पुस्तक कपड्यात गुंडाळलं, मान वर केली आणि मला पाहिलं.

"सर? तुमी? या ना, आत या. पोट्टे, सराले पानी दे."

मुलीनं पाणी आणून दिलं. मी प्यायलो. आणि मग तिथेच, सगळ्यांपुढे, सांगितलं. रजिस्टर खोटं होतं. वही खरी होती. दिवे गेले ते माझ्यामुळे गेले. तुमच्यावर ठपका आला तोही माझ्यामुळे. बोलताना मी त्यांना पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो.  मघाची म्हातारी म्हणाली, "मंग तवाच काहून नाई सांगतलं, बापू?" मी तिला काय सांगणार होतो? भित्रा होतो, माय. आणि नुसता भित्रा असतो तरी बरं होतं.

मी पिशवीतून वही काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी जशी प्राध्यापकांपुढे ठेवली होती तशी.

त्यांनी वहीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"मले कायले पायजे, सर?" ते शांतपणे म्हणाले. "मले वाचता येत नाई."

कोणी हसलं नाही. नुकतंच तासभर त्यांचं वाचन ऐकलेली चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती. मुलगी खाली सारवणाकडे पाहत होती. मग त्यांनीच विचारलं, "जेवून जाता का, सर? भाकर-भाजी हाये." मी म्हणालो, गाडीची वेळ झाली. गाडीला दीड तास होता.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. वही माझ्याकडेच राहिली. अजून आहे. कधी कधी काढून पाहतो. प्राध्यापक आले त्या दिवशीच्या पानावर दहाचं रीडिंग आहे, बाराचं आहे. तीनचं नाही, आणि पुढची पानं कोरी आहेत.